बहिणीचं भाडं

रायभानला या प्रकरणात अठरा हजार सुटणार होते, आणि तेही बसल्या जागी. महिन्याला तीन हजार, महिने सहा, खर्च शून्य. या हिशोबात सगळ्यात गोड आकडा शून्याचा होता, आणि चुकला तोच.

झालं होतं असं. नाला रुंद करायचा म्हणून नगरपालिकेनं काठावरची घरं काढली. त्यात रायभानचं घर गेलं. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं शेळ्यांचं छप्पर. त्याच्या बदल्यात वरच्या अंगाला घरकुल मंजूर झालं. ते बांधून होईपर्यंत माणसानं राहायचं कुठं? तर नगरपालिकेनं ठराव केला की ज्यांची घरं गेली आणि जे भाड्यानं राहायलेत, त्यांना सहा महिने तात्पुरतं भाडं मिळेल. जेवढं खरं भाडं तेवढं, पण तीन हजारांच्या वर नाही. अर्जाला भाडेकरार जोडायचा. मग नगरपालिकेचं माणूस येऊन, शेजारचे दोन पंच बोलावून, पाहून जाणार.

रायभान भाड्यानं राहत नव्हता. तो मेव्हण्याकडं राहत होता.

मेव्हणा मल्हार हा रायभानच्या बायकोचा, भिवराबाईचा, धाकटा भाऊ. मेंढरं चाळीस, पक्क्या खोल्या तीन, आणि इज्जत मोजता येऊ नये इतकी. नाल्यावर जेसीबी आला त्याच दिवशी तो बहिणीचं सामान स्वतः डोक्यावर घेऊन आला होता आणि वाटेत भेटेल त्याला, न विचारता, "बहीण हाय माझी, नेणारच की," असं सांगत आला होता. बाहेरची खोली त्यानं तिला दिली. तिच्यातली लोकर तेवढी हलवली नाही, कारण ठेवायला दुसरी जागा नव्हती.

भिवराबाईला अठरा हजारांचं काही नव्हतं. तिला चूल पाहिजे होती. भावजयीच्या, म्हणजे दिपालीच्या, स्वयंपाकघरात तिचे दिवस चालले होते. दिपाली वाईट नव्हती. पण मिठाचा डबा कुठं आहे हे नणंदेला रोज विचारावं लागत होतं, आणि रोज तो जागा बदलत होता. कालवणात तिखट किती, भाकरीला पीठ कोणतं, दूध कुणाला आधी, हे सगळे निकाल दिपालीकडं. पन्नाशीची बाई, तीन लेकींची लग्नं केलेली, आणि चहा टाकू का म्हणून विचारणार. घरकुल होईपर्यंत एक खोली का असेना, तिला आपल्या हातची चूल हवी होती. त्यासाठी मदतीचे पैसे हवे होते. आणि त्या पैशांवर नवऱ्याचा डोळा होता.

"खोली बघा कुठं," ती म्हणाली. "भाडं नगरपालिका देतीय."

"येडी का काय तू?" रायभान म्हणाला. "भाड्याचे पैसे भाड्यात घालायला काय अक्कल लागते? मल्हारच्या नावानं करार करू. तो भाडं घेत न्हाई, नगरपालिका भाडं देती. मधे राहिलं ते आपलं."

"मल्हार लिहून देईल? बहिणीकून भाडं घेतो म्हणून?"

"लिहायला काय लागतंय? तोंडानं थोडंच म्हणायचंय."

मल्हार ऐकेना. दोन दिवस तो दाजींशी बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी दिपालीनं मनावर घेतलं. तिचाही हिशोब झाला होता. कागदावर मालक आपला नवरा, तर मग निम्मे पैसे आपल्याकडं यायला काय हरकत? हे तिनं दाजींना चहा देता देता सांगितलं. दाजींनी चहा पिता पिता कबूल केलं. अठरातले नऊ गेले, पण नऊ तर नऊ, असं रायभान स्वतःला म्हणाला आणि आणखी साखर मागितली.

मल्हारला दिपालीनं वेगळं सांगितलं. "कागद बँकेत जाईल, हापिसात जाईल, कपाटात जाईल. गल्लीत येणार हाय का? आणि दाजींचं भलं होतंय तर भाऊ म्हणून तुमाला नको का वाटायला?"

भाऊ हा शब्द आला की मल्हारचं काही चालत नसे. तो रायभानबरोबर ऑनलाइनवाल्याकडं गेला. पाचशेचा बाँड रायभाननं घेतला. ऑनलाइनवाला टाइप करत होता तेव्हा मल्हार मागं उभा राहून एकच सांगत होता, "नातं लिहू नका. घरमालक आणि भाडेकरू, एवढंच. बहीण हा शब्द कुठं आला न्हाई पाहिजे." सही करताना त्यानं टोपी काढून ठेवली. अशा कामात ती डोक्यावर नको, असं त्याला वाटलं असावं.

अर्ज गेला. पंधरा दिवसांनी, मंगळवारी सकाळी, नगरपालिकेच्या राजेश्री मॅडम स्कूटीवरून आल्या.

राजेश्री मॅडम तिशीच्या, अंगानं बारीक, आणि दुसऱ्याच्या घरात चहा न घेणाऱ्या. त्यांनी समोरच्या नर्मदाबाईंना आणि शेजारच्या आश्रुबाला पंच म्हणून बोलावलं. नर्मदाबाई एकट्या राहणाऱ्या. मुलगा पुण्याला, दोन खोल्यांतली एक कुलुपात. आश्रुबा रिकामा राहणारा. त्याला पंच व्हायला बोलावणं लागायचं नाही, तो आधीच येऊन उभा होता.

मॅडमनी खोली पाहिली, लोकर पाहिली, बाहेर बांधलेल्या शेळ्या पाहिल्या. मग ओट्यावर बसून कागद काढला.

"घरमालक कोण?"

"मीच," मल्हार म्हणाला.

"हे भाडेकरू. रायभान आणि भिवराबाई. महिन्याला भाडं तीन हजार. बरोबर?"

मल्हारनं टोपी सारखी केली. रायभाननं खाकरून घेतलं. दारामागं दिपालीच्या बांगड्या वाजल्या.

"बरोबर ना, मामा? तीन हजार घेता?"

आता एवढ्यावर तो "हाव" म्हणाला असता. ओठ हललेही होते. पण आश्रुबा पुढं झाला.

"काय म्हणल्या मॅडम? मल्हारराव भाडं घ्यायलेत? भिवराअक्काकून? सख्ख्या बहिणीकून?" आणि तो नर्मदाबाईंकडं वळला. "ऐका मावशी. म्हणून मी म्हणतो, पंच व्हावं माणसानं. लय काही कळतंय."

मल्हार उठला. "कोण म्हणतंय भाडं घेतो म्हणून? कोण म्हणतंय?"

"तुमचा कागद म्हणायलाय, मामा," मॅडम म्हणाल्या. "सही तुमची आहे."

"सही माझी हाय. भाडं न्हाई. बहिणीकून भाडं घ्यायला मल्हार मेला का काय? तिच्या लग्नात मी बारा वर्षांचा होतो, तवापासून ह्या घरात तिचा घास निराळा काढलेला हाय. एक रुपाया घेतला असंल तर हात झडून जाईल."

"मल्हारराव, जरा..." रायभान म्हणाला.

"तुमी गप बसा दाजी! तुमच्या नादानं माझी बेइज्जत व्हायली. आं? नगरपालिका काय देतीया, तीन हजार? मी देतो! दर महिन्याला तीन हजार, माझ्या बहिणीला, माझ्याच घरात राहायचे. ऱ्हाईल तोवर देतो. लिहा मॅडम. पंच, तुमी बी ऐका!"

पंचांनी ऐकलं. गल्लीनंही ऐकलं, तोवर ती दारादारांत येऊन उभीच होती. घरमालकानं भाडेकरूला भाडं द्यायचं, असा करार गावात पहिलाच असावा. दारामागच्या बांगड्या मात्र एकदम थांबल्या.

राजेश्री मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "बघा," त्या भिवराबाईला म्हणाल्या, कारण तेवढ्यातली शहाणी तीच दिसत होती. "हे मी लिहिलं तर खोटा करार म्हणून शेरा पडतो. मग पुढं तुम्हाला मदत नाहीच. त्यापेक्षा अर्ज मागं घ्या. महिना संपायच्या आत खरी खोली घ्या, खरं भाडं द्या, खरा करार आणा. मी पुन्हा येईन. तारीख चुकली की संपलं."

"खरं कसलं, खोटं कसलं," रायभान पुटपुटला.

"खरं म्हणजे ज्याचे पैसे खरंच जातात ते," मॅडम म्हणाल्या आणि स्कूटीला चावी लावली.

आश्रुबा बराच वेळ रेंगाळला. कुणी चहा दिला नाही, तेव्हा गेला.

आत येऊन भिवराबाई लोकरीच्या गठ्ठ्यावर टेकली. "मल्हार, लय मोठी इज्जत दिलीस बाबा मला," ती म्हणाली. "ठेवू कुठं? खोलीत जागा न्हाई."

"अक्का, तू चेष्टा करायलीस."

"चेष्टा न्हाई. अठरा हजार गेले, त्यातले निम्मे तर तुझ्याच घरात यायचे होते."

"कुणी सांगितलं?" मल्हार म्हणाला, आणि दिपालीला अचानक मेंढरांचं पाणी पाहायचं आठवलं.

रायभान मात्र खूश होता. रात्री बायकोला म्हणाला, "झालं ते बरं झालं. नगरपालिकेनं किती फेऱ्या घालाय लावल्या असत्या. मल्हार तर घरातच हाय. अठरा हजार, पंचांसमोर. आणि निम्मे कुणाला द्यायचे न्हाईत."

"भावाचे तीन हजार घ्यायला तुमाला लाज न्हाई?"

"तो आपण होऊन द्यायलाय. नको म्हणलं तर त्याला वाईट वाटंल."

भिवराबाई कुशीवर वळली. महिना संपायला नऊ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मल्हार मेंढरं घेऊन वालूरच्या शिवाराकडं गेला आणि दिपाली नणंदेजवळ येऊन बसली. तिनं येताना मिठाचा डबा आणला होता आणि तो नणंदेसमोर ठेवला. एवढ्यावरूनच काहीतरी मोठं आहे हे भिवराबाईनं ओळखलं.

"अक्का, ह्यांनी तोंड उघडलं आणि तीन बोकडं गेली," दिपाली म्हणाली. "सहा महिन्यांचे अठरा हजार. आणि हे देणार. मेंढरू विकतील, माझ्या कानातलं विकतील, पण आश्रुबासमोर म्हणले म्हणून देणार."

"मी घेणार न्हाई."

"तुमी न्हाई घेतले तर दाजींच्या खिशात घालतील. दाजी न्हाई म्हणणार हायेत का?"

यावर दोघींचं एकमत होतं.

"समोरची नर्मदामावशीची खोली रिकामी हाय," दिपाली म्हणाली. "मी काल विचारलं. अडीच हजार भाडं. डिपॉझिट पाच हजार म्हणते. डिपॉझिट मी भरते, बचत गटातून. तुमी तिकडं जा."

भिवराबाई तिच्याकडं पाहत राहिली. पाच हजार घालून अठरा हजार वाचवणारी भावजय तिला पहिल्यांदाच आवडली. आणि समोरच्या खोलीत चूल होती; ती तिनं खिडकीतून कधीच पाहून ठेवली होती.

"आणि मल्हार? भावाच्या दारासमोर बहीण भाड्यानं? तो जाऊ देईल?"

"ते माझ्याकडं लागलं."

दिपालीनं त्या रात्री नवऱ्याला जेवताना सांगितलं की गल्लीत लोक दाजींना घरजावई म्हणायलेत.

"कोण म्हणतंय?"

"आश्रुबा."

आश्रुबा तसं म्हणाला नव्हता. पण सुचलं असतं तर नक्की म्हणाला असता, म्हणून दिपालीला यात फारसं पाप वाटलं नाही.

मल्हारची भाकरी हातातच राहिली. बहिणीकडून भाडं घेतलं तर इज्जत जाते. बहिणीला ठेवून घेतलं तर तिच्या नवऱ्याची जाते, आणि दाजींची गेली म्हणजे बहिणीची गेली, बहिणीची गेली म्हणजे आपलीच गेली. ज्याला इज्जत नाही त्याला खर्चच नाही, मल्हारला दोन्हीकडून. रायभान पलीकडं तिसरी भाकरी खात होता. घरजावई या शब्दानं त्याची भूक कमी झाल्याचं दिसलं नाही.

"मग काय करावं?" मल्हार म्हणाला.

"दाजींना आपलं बिऱ्हाड करू द्यावं. इथंच, समोर. नजरेसमोर राहतील."

"लोक म्हणतील भावानं बहिणीला बाहेर काढलं."

"काढल्यावर म्हणतील. पाठवल्यावर कशाला म्हणतील?"

हे मल्हारला पटलं. हाकललेली बहीण गाठोडं घेऊन जाते. पाठवलेली बहीण ओटी भरून जाते. पुढच्या दोन दिवसांत त्यानं सेलूला जाऊन साडी आणली, बाराशेची. जावयाला टॉवेल-टोपी. खण, नारळ, पाच किलो गहू. आणि सामान न्यायला टेम्पो सांगितला.

"टेम्पो?" भिवराबाई म्हणाली. "अरे, समोरच्या दारात जायचंय. हातानं उचलून दोन खेपांत होईल."

"डोक्यावर सामान घेऊन माझ्या घरातून निघालीस तर लोक काय बघतील? टेम्पोनं जायचं."

गल्ली अरुंद. टेम्पो मल्हारच्या दाराशी भरला आणि तिथं त्याला वळताच येईना. मग तो गल्लीतून पुढं निघाला, स्टेशनच्या रस्त्यानं फिरून, बाजारातून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून दुसऱ्या तोंडानं आत आला आणि मल्हारच्या समोर, नर्मदाबाईंच्या दाराशी, थांबला. तोवर शेळ्या सुटून, गल्ली ओलांडून, नर्मदाबाईंच्या अंगणात जाऊन बसल्या होत्या. दिपालीनं ओटी भरली. तिचे डोळे खरोखर भरून आले होते. भिवराबाईचेही आले. मल्हार तर हुंदका देऊन रडला आणि मग गल्ली ओलांडून बहिणीचं घर कसं काय लागलं ते पाहायला गेला.

"काय मल्हारराव," आश्रुबा ओट्यावरून म्हणाला, "बहीण सासरला गेली म्हणायची. पत्र-बित्र पाठवती का न्हाई बघा."

मल्हारचे तीन हजार त्याच्या घरात राहीपर्यंतचेच होते, ते गेले; म्हणून रायभाननं दुसरा बाँड घेतला, पुन्हा पाचशेचा. या वेळी सही करायला नर्मदाबाई गेल्या. महिना संपायला तीन दिवस असताना राजेश्री मॅडमची स्कूटी आली. त्यांनी खोली पाहिली. चूल पेटलेली होती आणि भिवराबाई कुणाला न विचारता तिच्यावर चहा टाकत होती.

"मावशी, भाडं घेता?" मॅडमनी विचारलं.

"घेते की," नर्मदाबाई म्हणाल्या. "अडीच हजार. फुकट ठेवायला मी काय हिचा भाऊ हाय?"

मॅडम हसल्या, आणि त्या दिवशी त्यांनी चहा घेतला.

मंजुरी आली. दर महिन्याला अडीच हजार रायभानच्या खात्यात येत आणि खात्यातून नर्मदाबाईंकडं जात. पैसे आले की रायभान बँकेच्या मेसेजकडं बराच वेळ पाहत बसे. भाड्याचे पैसे भाड्यातच गेलेले त्याला पाहवत नसत.

सहा महिने संपले. घरकुलाचा स्लॅब टाकून झाला होता, गिलावा आणि दारं राहिली होती. मदत तात्पुरती होती, ती तारखेला थांबली. गिलाव्याला तारीख नव्हती.

सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, दिवेलागणीला, मल्हार नर्मदाबाईंच्या मागच्या दारानं आला. "मावशी, हे अडीच. अक्काला सांगू नका, दाजींना तर मुळीच न्हाई. त्यांना कमीपणा वाटंल."

"हाव," नर्मदाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिपाली पुढच्या दारानं आली. भिवराबाईच्या चुलीवरचं कालवण आता तिच्याकडं वाटीनं येत होतं, आणि वाटी रिकामी परत जात नव्हती. "मावशी, अडीच ठेवा. ह्यांला सांगू नका. कळलं तर हे आणखी काहीतरी कबूल करून बसतील."

"हाव," नर्मदाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी रायभान आला. बोकड विकलं होतं. त्यानं अडीच हजार मोजले, पुन्हा मोजले, आणि देताना नोटा जरा जास्तच वेळ धरून ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा भाड्यापायी त्याच्या स्वतःच्या खिशातला रुपया जात होता.

"हाव," नर्मदाबाई म्हणाल्या आणि तिन्ही गड्ड्या एकाच डब्यात ठेवल्या.

आठव्या महिन्यात रायभान सबब शोधत आला तर त्याच म्हणाल्या, "असू दे, सवडीनं दे." नवव्यातही तसंच. रायभानला त्यांची दया आली. एवढी भोळी घरमालकीण गावात दुसरी नसेल, असं तो बायकोला म्हणाला. भिवराबाईनं समोरच्या घराकडं पाहिलं, नर्मदाबाईंच्या मागच्या दाराकडं पाहिलं, आणि चुलीत लाकूड सारलं.

नऊ महिन्यांनी घरकुल झालं. खोली सोडताना नर्मदाबाईंनी डिपॉझिटचे पाच हजार सगळ्यांसमोर ओट्यावर ठेवले.

"डिपॉझिट कुणी भरलं होतं?" मल्हारनं विचारलं.

दिपालीनं पदर सारखा केला. ती बोलली असती तर बचत गट निघाला असता, आणि बचत गट निघाला असता तर घरजावई निघाला असता.

"म्याच की," रायभान म्हणाला आणि पैसे उचलले.

ते त्याच्या खिशात गल्लीच्या टोकापर्यंत राहिले. टोकाला भिवराबाई उभी होती. तिथून ते तिच्या ओच्यात गेले आणि संध्याकाळी, कालवणाच्या वाटीखालून, दिपालीकडं.

तर जमाखर्च असा. सहा महिन्यांचे पंधरा हजार नगरपालिकेनं भरले. सातवा महिना मल्हारनं भरला, आठवा दिपालीनं, नववा रायभाननं. सातवा आपणच भरला असं तिघंही समजतात. साडी, टॉवेल-टोपी, गहू आणि टेम्पो मल्हारचे. दोन्ही बाँड रायभानचे.